द ब्लॅक क्लाउड (कादंबरी)

'द ब्लॅक क्लाउड' (अर्थ : काळा मेघ) ही ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांची विज्ञान कादंबरी आहे. ती १९५७ मध्ये लंडनच्या विल्यम हाइनमन या प्रकाशन संस्थेने प्रसिद्ध केली. हॉइल यांची ही पहिलीच कादंबरी होय. ताऱ्यांदरम्यानच्या अवकाशातून आलेला वायू आणि धूळ यांचा एक प्रचंड मेघ सूर्यमालेत शिरतो, सूर्याभोवती स्थिरावतो आणि पृथ्वीवरील जीवन संकटात येते, असे तिचे कथासूत्र आहे. हा मेघ निर्जीव नसून सजीव आणि माणसापेक्षा कितीतरी अधिक बुद्धिमान आहे, हे कथेच्या मध्यावर उघड होते.

परग्रहावरील जीवांची कल्पना करताना माणसासारख्याच शरीरात थोडे फेरफार करण्याची प्रथा विज्ञानकथेत दीर्घकाळ रूढ होती. हॉइल यांनी ती सोडून दिली. ग्रह, पाणी, पेशी, हाडे यांपैकी काहीही नसताना जीवन शक्य आहे काय, हा प्रश्न त्यांनी भौतिकशास्त्राच्या नियमांना धरून मांडला. मराठी वाचकाच्या दृष्टीने या कादंबरीला आणखी एक महत्त्व आहे. मराठीतील अग्रगण्य विज्ञानकथाकार जयंत विष्णू नारळीकर हे हॉइल यांचे विद्यार्थी व सहकारी होते. तसेच, जीवसृष्टीचे मूळ अवकाशात असावे या हॉइल यांच्या पुढील काळातील मताची पडताळणी करण्याचा एक प्रयत्न नारळीकरांच्या पुढाकाराने भारतात झाला.

लेखक आणि लेखनकाळ

फ्रेड हॉइल (२४ जून १९१५ – २० ऑगस्ट २००१) यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातील बिंगली येथे झाला. १९४८ मध्ये हर्मन बाँडी व थॉमस गोल्ड यांनी, तसेच हॉइल यांनी स्वतंत्रपणे, स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धान्त मांडला. या सिद्धान्तानुसार विश्वाला आरंभ नाही. प्रसरण पावणाऱ्या विश्वात नवे द्रव्य सतत निर्माण होत असते. प्रतिस्पर्धी सिद्धान्ताला आज रूढ असलेले 'बिग बँग' हे नाव हॉइल यांनीच १९४९ मधील बीबीसीच्या एका आकाशवाणी भाषणात वापरले. 

कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, म्हणजे १९५७ मध्ये, मार्गारेट बर्बिज, जॉफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉइल यांचा ताऱ्यांमधील मूलद्रव्यनिर्मितीविषयीचा प्रसिद्ध शोधनिबंधही प्रकाशित झाला. सजीवांच्या शरीरातील कार्बन, ऑक्सिजन, लोह इत्यादी मूलद्रव्ये ताऱ्यांच्या अंतर्भागात कशी घडतात, याचे विवेचन त्यात आहे. जीवनाला लागणारी सामग्री संपूर्ण आकाशगंगेत विखुरलेली आहे, ही जाणीव कादंबरी लिहिताना लेखकाच्या मनात होती, हे लक्षात घेतले म्हणजे मेघाची कल्पना केवळ चमत्कृती म्हणून आलेली नाही, हे स्पष्ट होते.

कथानक

शोध

कथेची मांडणी एका जुन्या वृत्तान्ताच्या स्वरूपात आहे. घटना १९६४ ते १९६६ या काळात घडतात व त्या पुढे अनेक वर्षांनी जॉन मॅकनील या डॉक्टरांच्या कागदपत्रांतून उलगडतात. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत क्नुट येन्सन हा तरुण संशोधक आकाशाच्या एकाच भागाच्या दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या काचपट्ट्या ताडून पाहत असतो. मृग नक्षत्राच्या दिशेने एक काळा, जवळजवळ वर्तुळाकार डाग मोठा होत चालल्याचे त्याला आढळते. त्याच्या कडेला दिसणारे तारे बाजूला सरकत नाहीत, ते फक्त झाकले जातात. म्हणजेच हा डाग थेट सूर्यमालेकडे येत आहे, असा निष्कर्ष निघतो.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एक हौशी निरीक्षक बाह्य ग्रह आपल्या गणिती स्थानांवरून ढळल्याचे दाखवून देतो. केंब्रिजचे प्राध्यापक ख्रिस किंग्जली या विचलनावरून एका अज्ञात वस्तुमानाचे स्थान काढतात. दूरदर्शीतून मिळालेला पुरावा आणि कागदावरील गणित या दोन्ही वाटा एकाच जागी येऊन मिळतात. मेघ सुमारे दीड वर्षात सूर्यापर्यंत पोहोचेल, असे उत्तर निघते.

आगमन

ब्रिटिश सरकार ही बातमी दडवून ठेवू पाहते. किंग्जली आपल्या अटींवर सरकारशी करार करतात आणि ग्लॉस्टरशर परगण्यातील नॉर्टनस्टो या वाड्यात शास्त्रज्ञांचा एक गट जमतो. कॅलिफोर्नियाचे जेफ मार्लो, रशियन शास्त्रज्ञ अलेक्सिस अलेक्झांड्रोव्ह, डॉक्टर मॅकनील आणि पियानोवादक ॲन हॅल्सी ही त्यांतील प्रमुख मंडळी. 

मेघ जवळ येताना प्रथम उष्णता भयंकर वाढते. नंतर सूर्य झाकला जाऊन काळोख व गोठवणारी थंडी पसरते. पृथ्वीवर प्रचंड मनुष्यहानी होते. मेघ सूर्याजवळून निघून जाईल, ही गणिताने वर्तवलेली अपेक्षा मात्र खोटी ठरते. तो वायूचे लोट पुढे फेकून आपला वेग कमी करतो आणि सूर्याभोवती तबकडीच्या आकारात स्थिरावतो. गुरुत्वाकर्षणाच्या नियमांनी या वर्तनाचे स्पष्टीकरण देता येत नाही.

संवाद

नॉर्टनस्टो येथील रेडिओ प्रक्षेपणाच्या वेळी वातावरणाच्या वरच्या थरांतील आयनीकरण बदलते व प्रक्षेपण थांबताच पूर्ववत होते. हा बदल वारंवार घडतो. यावरून मेघामध्ये बुद्धी आहे, असा निष्कर्ष किंग्जली काढतात. सहकारी प्रथम तो हसण्यावारी नेतात, परंतु त्या गृहीतकावरून केलेली भाकिते खरी ठरत जातात. त्यानंतर शास्त्रज्ञ मेघाला इंग्रजी भाषा शिकवतात. मेघाच्या संदेशांना आवाज देणाऱ्या यंत्राला वाड्यातील माळी जो स्टॉडर्ड याच्या बोलण्याची ढब दिलेली असते, म्हणून सारे जण मेघाला 'जो' म्हणू लागतात.

मेघ पृथ्वीवर हेतुपुरस्सर संकट आणत नसतो. ग्रहाच्या पृष्ठभागावर बुद्धिमान प्राणी असतील, याची त्याला कल्पनाच नसते. ही बाब कळल्यावर तो सूर्यप्रकाशाला वाट करून देतो. ॲन हॅल्सी हिने वाजवलेली बेथोव्हेनची हॅमरक्लाव्हियर रचना ऐकून तो तिचा पहिला भाग अधिक जलद वाजवण्याची विनंती करतो. संवादाच्या या भागातच कादंबरीतील जीवशास्त्रीय चर्चा येते.

शेवट

अमेरिका व सोव्हिएत संघ या दोन्ही सत्ता मेघावर हायड्रोजन बाँब असलेली अग्निबाणे सोडतात. किंग्जली मेघाला त्याची पूर्वसूचना देतात. मेघ ही अस्त्रे उलट फिरवतो आणि त्यांतील तीन अस्त्रे एल पासो, शिकागो व कीव्ह या शहरांवर कोसळतात. पुढे, एका गहन प्रश्नाचे उत्तर सापडल्याचे कळवून दुसरा एक मेघ अकस्मात गप्प झाल्याचे 'जो'ला समजते आणि तो त्याच्या शोधार्थ सूर्यमाला सोडण्याचे ठरवतो. 

जाण्यापूर्वी आपले ज्ञान माणसाला देण्याची तयारी तो दाखवतो. प्रकाशसंकेतांच्या साह्याने ते ग्रहण करण्याचा प्रयत्न प्रथम डेव्ह वायखार्ट आणि नंतर स्वतः किंग्जली करतात. दोघांचाही मृत्यू होतो. नव्या विचारपद्धतीची जुन्या विचारपद्धतीशी मेंदूत टक्कर झाल्यामुळे हे घडले, असे मॅकनील यांचे निदान आहे. मनात पूर्वग्रहित ज्ञान कमी असलेला माळी जो याच्यासारखा माणूस कदाचित वाचला असता, असेही त्यांना वाटते.

मेघाचे जीवशास्त्र

कादंबरीतील सजीव मेघ आकाराने पृथ्वी व सूर्य यांमधील अंतराशी तुलना करता येईल एवढा आहे. मात्र त्यातील वायू अत्यंत विरळ आहे. अशा देहात जीवनाची मूलभूत कार्ये कशी चालतील, याचा विचार हॉइल यांनी पुढीलप्रमाणे केला आहे.

पोषण व ऊर्जा : मेघ एखाद्या ताऱ्याजवळ येऊन त्याच्या प्रकाशाच्या साह्याने गुंतागुंतीचे रेणू तयार करतो व त्यांचा साठा घेऊन पुढील प्रवासाला निघतो. सूर्याजवळ त्याने केलेला मुक्काम हा आक्रमणाचा भाग नसून आहाराचा भाग आहे. वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने जे करतात, त्याच्याशी हे तत्त्वतः समान आहे. सूर्याची ऊर्जा रासायनिक रूपात दीर्घकाळ साठून राहते, याचे परिचित उदाहरण म्हणजे दगडी कोळसा. यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसरात खाणींतून निघणारा गोंडवन काळातील कोळसा हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठवलेला सूर्यप्रकाशच होय. मेघ असा साठा जमिनीखाली न ठेवता स्वतःच्या देहात ठेवतो, एवढाच फरक.

अभिसरण : मेघाच्या देहात विद्युत्चुंबकीय बलांनी नियंत्रित केलेले वायूचे प्रवाह आहेत. ते पोषक द्रव्ये पोहोचवतात व टाकाऊ द्रव्ये दूर नेतात. प्राण्यांच्या शरीरात रक्त जे कार्य करते, ते येथे वायू करतो.

मेंदू व चेतासंस्था : घन कणांच्या पृष्ठभागावर विशिष्ट रचनेत बसवलेले रेणू हे या मेंदूचे घटक आहेत. ते एकमेकांशी रेडिओ लहरींनी जोडलेले आहेत. माणसाच्या चेतातंतूंतून संदेश सेकंदाला फार तर शंभराहून थोडे अधिक मीटर जातात; रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. त्यामुळे एवढ्या विस्तीर्ण देहातही विचारप्रक्रिया शक्य होते. शिवाय मेघ आपल्या मेंदूत नवे घटक स्वतः बांधून जोडू शकतो आणि बिघडलेले बदलू शकतो. कवटीच्या आकाराची मर्यादा त्याला नाही.

प्रजनन : मेघ दुसऱ्या एखाद्या निर्जीव पण योग्य अशा वायुमेघात चेतासंस्थेचे प्राथमिक घटक पेरतो. त्यांतून नवे जीवन वाढीस लागते. येथे नर-मादी भेद नाही. संतती निर्माण करणे हा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

आयुर्मर्यादा : 'जो'चे वय सुमारे ५० कोटी वर्षे आहे. घटक बदलता येत असल्याने वार्धक्य हा त्याच्या मरणाचा अपरिहार्य मार्ग नाही. मरण येते ते अपघाताने किंवा, कथेच्या शेवटी सूचित केल्याप्रमाणे, बुद्धीच्याही पलीकडील एखाद्या कारणाने.

उगम : पहिला मेघ कसा उत्पन्न झाला, या प्रश्नावर विश्वालाच आरंभ नसल्याने पहिला मेघ असा कोणी नाही, असा मेघाचा पवित्रा आहे. यात हॉइल यांचा स्थिर स्थिती सिद्धान्त कथेत उतरलेला दिसतो. १९६५ मध्ये विश्वातील सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाचा शोध लागल्यानंतर बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हा सिद्धान्त सोडून दिला. त्यामुळे कादंबरीचा हा भाग आज विज्ञानाच्या इतिहासाचा भाग म्हणून वाचला जातो.

ग्रहावरील बुद्धीविषयीचा युक्तिवाद

जीवशास्त्रीय चर्चेतील सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे मेघाने माणसाकडे पाहण्याची दृष्टी. त्याच्या मते ग्रह हे जीवनासाठी प्रतिकूल ठिकाण आहे. तेथे गुरुत्वाकर्षणामुळे प्राण्यांचा आकार आणि पर्यायाने मेंदूचा आकार मर्यादित राहतो. देह उभा ठेवण्यासाठी व हलवण्यासाठी हाडे आणि स्नायू लागतात, मेंदूच्या रक्षणासाठी कवटी लागते. ताऱ्याच्या ऊर्जेचा अत्यल्प अंश ग्रहाला मिळत असल्याने अन्न अपुरे पडते आणि अपुऱ्या अन्नासाठी प्राणी एकमेकांशी झगडतात. अशा झगड्यात बुद्धीपेक्षा स्नायूंचा विकास अधिक उपयोगी ठरतो.

या युक्तिवादामुळे वाचकाला सवयीचा दृष्टिकोन उलटा करावा लागतो. माणूस परग्रहावरील जीवांना विचित्र समजतो, तर येथे माणूसच विचित्र ठरतो. घन पृष्ठभाग, हवा, बोलण्यासाठी ध्वनी, एकमेकांपासून अलग असलेले मेंदू या साऱ्या गोष्टी नैसर्गिक वाटतात, कारण त्या परिचित आहेत. अनोळखी जीवशास्त्राचा विचार हा अखेर स्वतःच्या जीवशास्त्राचा विचार ठरतो, हे या कादंबरीचे मुख्य प्रतिपादन आहे.

सूर्यप्रकाश अडल्याचे परिणाम

मेघाच्या आहाराची किंमत पृथ्वीला मोजावी लागते. सूर्यप्रकाश थांबला की प्रथम प्रकाशसंश्लेषण थांबते, त्यानंतर वनस्पतींवर जगणारे प्राणी आणि शेवटी मांसाहारी प्राणी संकटात येतात. तापमानातील तीव्र बदलांनी वादळे, पूर आणि हिमवर्षाव उद्भवतात. 

कादंबरी लिहिली गेली तेव्हा अशा संकटाचा भूशास्त्रीय पुरावा चर्चेत नव्हता. १९८० मध्ये लुइस व वॉल्टर अल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतील इरिडियमच्या आधारे असे मत मांडले की, अशनीच्या आघाताने उडालेल्या धुळीने सूर्यप्रकाश अडून डायनोसॉरांसह असंख्य जीवजाती नष्ट झाल्या. याच कालखंडाच्या आसपास दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे प्रचंड उद्रेक होत होते. यवतमाळ जिल्ह्यातील वणी-पांढरकवडा परिसरात शिबला-पार्डी येथे आढळलेले बेसाल्टचे षट्कोनी स्तंभ हे याच दख्खनी लाव्ह्याचे अवशेष मानले जातात. या उद्रेकांतून बाहेर पडलेल्या वायूंचा त्या काळातील जीवविनाशात किती वाटा होता, यावर शास्त्रज्ञांमध्ये अद्याप चर्चा चालू आहे. प्रकाशाचा पुरवठा काही काळ जरी खंडित झाला, तरी पृथ्वीवरील जीवसाखळी कोसळू शकते, हे कादंबरीतील सूत्र मात्र पुढील संशोधनाने अधिक दृढ झाले.

विज्ञान आणि सत्ता

कादंबरीत शास्त्रज्ञ आणि राज्यकर्ते यांच्यातील संघर्षाला मोठे स्थान आहे. किंग्जली यांना राजकारणी मंडळींबद्दल तिरस्कार वाटतो. माहिती दडवणे, प्रतिष्ठेची चिंता करणे आणि न समजलेल्या गोष्टीवर शस्त्र उगारणे, असे सत्तेचे चित्र येथे रंगवले आहे. शीतयुद्धाच्या काळात लिहिलेल्या या कथेत अमेरिका व सोव्हिएत संघ एका बाजूला आणि विविध देशांचे शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला उभे आहेत.

तथापि कादंबरी शास्त्रज्ञांनाही निर्दोष ठरवत नाही. अस्त्रांची सूचना मेघाला देऊन किंग्जली एका अर्थी तीन शहरांच्या नाशाला हातभार लावतात. सूचना दिली नसती तर चिडलेल्या मेघाने सारी मानवजात नष्ट केली असती काय, हा प्रश्न कथेत निर्णायकपणे सुटत नाही. मोठ्या हानीपासून वाचण्यासाठी लहान हानी स्वीकारण्याचा अधिकार थोड्या तज्ज्ञांना कोणी दिला, ही नैतिक अडचण वाचकासमोर राहते. किंग्जली यांच्या तोऱ्यावर अनेक वाचकांनी टीका केली आहे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी या कादंबरीची विज्ञानकथेतील उत्कृष्ट कृतींमध्ये गणना करतानाच नायकाच्या स्वभावातील या दोषाकडेही लक्ष वेधले आहे.

वैज्ञानिक पार्श्वभूमी आणि नंतरची निरीक्षणे

१९५७ मध्ये ताऱ्यांदरम्यानच्या अवकाशात गुंतागुंतीचे रेणू असतील, असे फारसे कोणी मानत नव्हते. तोवर तेथे दोन अणूंचे मोजकेच रेणू ज्ञात होते. १९६३ मध्ये रेडिओ दूरदर्शीने हायड्रॉक्सिलचा, १९६८ मध्ये अमोनियाचा आणि १९६९ मध्ये फॉर्माल्डिहाइड या सेंद्रिय रेणूचा शोध लागला. आज अवकाशात दोनशेहून अधिक प्रकारचे रेणू ओळखले गेले आहेत. सप्टेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत ॲमिनो आम्ले आढळली. युरोपीय अवकाश संस्थेच्या रोझेटा यानाला ६७पी या धूमकेतूभोवती ग्लायसिन हे ॲमिनो आम्ल आढळल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. 

या शोधांमुळे जीवनाची कच्ची सामग्री अवकाशात विपुल आहे, हे सिद्ध झाले. मात्र सामग्री असणे आणि जीवन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेघासारख्या सजीवाचा कोणताही पुरावा आजवर मिळालेला नाही. विरळ वायूमध्ये रेणूंची परस्परांशी भेट फार क्वचित होते, त्यामुळे तेथे जीवनाची रासायनिक प्रक्रिया अतिशय मंद असेल, हा या कल्पनेवरील प्रमुख आक्षेप आहे. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९७९ मध्ये विश्वाच्या अतिदूर भविष्यातील जीवनाचा विचार मांडताना हॉइल यांच्या या मेघाचा उल्लेख केला. जीवन हे विशिष्ट द्रव्यावर अवलंबून नसून रचनेवर अवलंबून असेल, तर थंड व विरळ अवस्थेतही ते मंद गतीने चालू शकेल, असा त्यांचा तर्क होता.

हॉइल स्वतः पुढे कादंबरीच्या कल्पनेच्या जवळ जाणाऱ्या एका मताकडे वळले. श्रीलंकेत जन्मलेले शास्त्रज्ञ चंद्रा विक्रमसिंघे यांच्यासह त्यांनी असे प्रतिपादन केले की, ताऱ्यांदरम्यानची धूळ मोठ्या प्रमाणात सेंद्रिय आहे, तिच्यात जीवाणू आहेत आणि धूमकेतूंच्या द्वारे ते पृथ्वीवर आले. १९७८ मधील 'लाइफक्लाउड' या त्यांच्या पुस्तकाच्या नावातही मेघ आहे. जीवनाची बीजे अवकाशातून पसरतात या मताला पॅनस्पर्मिया असे म्हणतात. रोगांच्या साथीही अवकाशातून येतात, हे त्यांचे १९७९ मधील पुस्तकातील मत वैद्यकशास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. पॅनस्पर्मियालाही वैज्ञानिक जगतात व्यापक मान्यता मिळालेली नाही.

नारळीकर आणि हैदराबादचे प्रयोग

जयंत नारळीकर (१९ जुलै १९३८ – २० मे २०२५) यांचा जन्म कोल्हापूर येथे झाला व शिक्षण बनारस येथे झाले. १९५७ मध्ये, म्हणजे ही कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९६३ मध्ये पीएच.डी. पदवी मिळवली. १९६४ मध्ये दोघांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त हॉइल-नारळीकर सिद्धान्त म्हणून ओळखला जातो. १९७२ मध्ये नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचे ते संस्थापक-संचालक झाले.

पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरांत जीवाणू सापडतात काय, हे तपासण्यासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी हैदराबाद येथील टाटा संस्थेच्या फुगा केंद्रातून प्रयोग केले. पहिले उड्डाण २१ जानेवारी २००१ रोजी झाले. हॉइल यांचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निधन झाले. दुसरा प्रयोग २००५ मध्ये करण्यात आला. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने पुरस्कृत केलेल्या या प्रयोगाचे नारळीकर हे प्रमुख संशोधक होते. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्या द्रवरूप निऑनने अतिशय थंड ठेवून फुग्याबरोबर वर पाठवण्यात आल्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर त्यांच्या झडपा दूरनियंत्रणाने उघडून हवा आत घेण्यात आली. नंतर या नमुन्यांची तपासणी हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र आणि पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र येथे स्वतंत्रपणे झाली.

मार्च २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार १२ जीवाणू व ६ बुरशी यांच्या वसाहती मिळाल्या. त्यांपैकी तीन जीवाणू नव्या प्रजातींचे होते. अतिनील किरणांना ते आपल्या निकटच्या प्रजातींपेक्षा अधिक दाद न देणारे ठरले. एका प्रजातीला फ्रेड हॉइल यांच्या सन्मानार्थ जॅनिबॅक्टर हॉयलाय असे नाव देण्यात आले. इतर दोन प्रजातींना बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट ही नावे मिळाली.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना संशोधकांनी सावधगिरी बाळगली. हे जीवाणू अवकाशातूनच आले, असे यावरून निश्चितपणे सिद्ध होत नाही, हे जाहीर निवेदनातच नमूद करण्यात आले. ते पृथ्वीवरीलच प्रजातींचे जवळचे नातलग आहेत आणि जमिनीवरून सूक्ष्मजीव एवढ्या उंचीवर कसे पोहोचू शकतात, ही शक्यता पूर्णतः निकाली निघालेली नाही. कादंबरीत किंग्जली यांचे गृहीतक त्याच्या भाकितांवरून पारखले जाते. प्रत्यक्ष विज्ञानातही हीच कसोटी लागू होते आणि पुरावा अपुरा असेल तेथे निर्णय राखून ठेवावा लागतो.

मराठी विज्ञानकथेशी संबंध

नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. ती त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. 'प्रेषित' या कादंबरीत त्यांनी परग्रहावरील प्रगत संस्कृतीशी येणाऱ्या संपर्काचा विषय हाताळला. 'धूमकेतू' या त्यांच्या कथेचे हॉइल यांच्या कादंबरीशी साम्य जाणवते. तिच्यातही एका हौशी निरीक्षकाला आकाशात नवी वस्तू दिसते, गणिताने पृथ्वीशी टक्कर वर्तवली जाते, गुप्त खलबते होतात आणि अण्वस्त्राचा उपाय योजला जातो. फरक असा की, हॉइल यांच्या कथेत शास्त्रज्ञाचा संघर्ष राज्यकर्त्यांशी आहे, तर नारळीकरांच्या कथेत तो घरातल्या आणि समाजातल्या अंधश्रद्धेशी आहे. संकट टळल्यावर त्याचे श्रेय गणिताला द्यायचे की यज्ञाला, हा प्रश्न तेथे मध्यवर्ती ठरतो.

विज्ञानकथेतील विज्ञान सैल असू नये आणि कल्पनेची एक उडी घेतल्यानंतर पुढील सारे तर्काने घडावे, ही शिस्त दोघांच्याही लेखनात दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे होते. विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहात मिळालेल्या स्थानाचे ते द्योतक मानले जाते.

मूल्यमापन

'द ब्लॅक क्लाउड'मधील व्यक्तिचित्रे फारशी खोल नाहीत. स्त्रीपात्रांना दुय्यम स्थान आहे आणि चर्चेचे प्रसंग कित्येकदा व्याख्यानासारखे वाटतात. तरीही परजीवसृष्टीविषयीच्या साहित्यात तिचे स्थान टिकून आहे. एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) मध्ये मंगळावरील आक्रमक पृथ्वीवरील जंतूंनी मरतात. तेथे जीवशास्त्र कथेला शेवट देते. स्तानिस्वाफ लेम यांच्या 'सोलारिस' (१९६१) मध्ये एका ग्रहावरील सजीव महासागर माणसाला अखेरपर्यंत अगम्य राहतो. हॉइल यांचा मेघ या दोहोंच्या मधल्या जागी आहे. तो शत्रू नाही, आणि तो पूर्णतः अगम्यही नाही. त्याच्याशी बोलता येते, त्याची शरीररचना समजून घेता येते. पण त्याचे ज्ञान पेलण्याची क्षमता मानवी मेंदूत नाही.

किंग्जली यांच्या मृत्यूनंतर मेघाशी संपर्क साधण्याची सांकेतिक गुरुकिल्ली मॅकनील यांच्या कागदपत्रांतून पुढील पिढीकडे येते. तिचा उपयोग करावा की न करावा, याचा निर्णय कादंबरी देत नाही.